लेकीची जोडीदार

"माझ्या जोडीला अहो आई," लेक म्हणाली, आणि आईने हातातलं वल्हं वाळूत टेकवलं ते जरा जोरातच.

गाईडने नुकतंच सगळ्यांना बजावलं होतं. राफ्टमध्ये प्रत्येकाला एक जोडीदार हवा. तुम्ही पाण्यात पडलात, तर त्याने वल्हं पुढे करायचं, तुमचं जॅकेट खांद्यापाशी धरायचं आणि आत ओढायचं. मागोमाग उडी कुणीही मारायची नाही, कारण मग एकाच्या जागी दोघांना काढावं लागतं. ज्याच्या हाती जीव देऊ शकाल असा माणूस निवडा, असंही तो म्हणाला. आणि लेकीने सासू निवडली. आईच्या वाट्याला जावई आला. जावई भला होता, पण तेवढ्याने आईचं समाधान होणार नव्हतं.

या सहलीवर तिने केवढे मनोरे रचले होते. लग्न झाल्यापासून लेक फोनवरच भेटायची, तीही घाईत, एकीकडे भांडी घासत. इथे फोनच नव्हते. ते नदीच्या वरच्या अंगाला एका डब्यात बंद करून ठेवले होते, आणि आता थेट खालच्या पुलापर्यंत ना रस्ता, ना वीज, ना वस्ती. म्हणजे लेक कुठे पळणार नव्हती. वर्षभराचं साठलेलं सगळं बोलून घ्यायचं आईने ठरवलं होतं. मग कळलं की विहीणबाईही येणार आहेत. तेव्हा 'मला पोहता येत नाही' हे कारण ओठावर आलं, पण लेकीला एकट्या त्यांच्या हाती सोडायचं नाही म्हणून तिने ते मुकाट गिळलं.

विहीणबाई मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी रुबाब निवृत्त झाला नव्हता. गाईडसुद्धा त्यांना विचारून तंबू ठोकायचा. लेक त्यांना 'अहो आई' म्हणायची. त्यातल्या 'अहो'चा आईला आजवर मोठा आधार होता, पण दोघी कुजबुजायला लागल्या की तोही पुरेनासा व्हायचा.

त्यात बाईंची एकेक तऱ्हा. जोडी लेकीशी, पण बसायचं मात्र आईला खेटून. राफ्ट पाण्यात घालण्याआधी आईच्या जॅकेटचे पट्टे त्या स्वतः ओढून बघायच्या, जरा सैल वाटतोय म्हणायच्या आणि श्वास अडकेपर्यंत आवळायच्या. आईचं शिवणकामाचं दुकान होतं. लोकांची मापं घेण्यात तिची हयात गेली होती, आणि आता तिला या बाई पट्टा बांधायला शिकवत होत्या. त्या जॅकेटच्या खांद्यावर दुहेरी शिलाई आहे, हे तिने पहिल्या नजरेतच हेरलं होतं. कुणी विचारलं असतं तर तिनेही चार गोष्टी सांगितल्या असत्या. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण जावयासमोर ती चेहरा हसरा ठेवायची.

शेवटी एकदा वाळूवर जेवायला बसले असताना तिने हुकमाचं पान काढलं. लेक लहानपणी बागेतल्या तळ्यात घसरली होती, तेव्हाची गोष्ट. काठावर ही गर्दी, सगळे नुसते ओरडतायत. उडी कुणी मारली? हिने. पोहता येत नाही हे आठवलं ते नाकातोंडात पाणी गेल्यावर. बागेच्या माळ्याने मग दोघींना कसं बाहेर काढलं, हा भाग तिने नेहमीप्रमाणे गाळला. त्यानंतर लेक हट्टाने पोहायला शिकली, हेही तिने मिरवून सांगितलं. जावयाने तोंड भरून कौतुक केलं. लेक मात्र हसली नाही. तिने सासूकडे पाहिलं, सासूने हळूच मान हलवली. आईला पुढचा घास गोड लागेना.

जेवणं उरकून निघाले आणि नदी अरुंद झाली. पाण्याचा आवाज इतका वाढला की गाईडचं ओरडणं ऐकू येईना. राफ्टचं नाक खडकावर आदळलं आणि पुढे बसलेली लेक पाण्यात फेकली गेली.

आईने विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी वल्हं टाकून दिलं होतं. जोडीदार म्हणे! आईने एक पाय राफ्टबाहेर टाकला. तेवढ्यात तिच्या खांद्यांना जोराचा हिसका बसला आणि दोघी राफ्टच्या तळाशी कोसळल्या. विहीणबाईंच्या दोन्ही मुठी आईच्या पट्ट्यांत रुतल्या होत्या. आईने कोपर मारलं, नखं मारली, मेट्रनबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुठी सुटल्या नाहीत.

लेक पाठीवर पडून, पाय पुढे करून, शिकवल्याप्रमाणे वाहत गेली आणि वळणापलीकडच्या संथ पाण्याला लागली. गाईडने राफ्ट तिच्यापाशी नेली, जावयाने तिला आत ओढलं. खोकत खोकत तिने आधी मागे वळून पाहिलं. आई राफ्टमध्येच आहे हे दिसल्यावर ती तिथेच डोळे मिटून आडवी झाली.

"तुम्ही तिच्या जोडीदार ना?" आई कडाडली. "तिला सोडून मला कसल्या धरून बसलात?"

विहीणबाईंच्या ओठातून रक्त येत होतं.

"तिनेच बजावलंय मला, निघायच्या आधी," त्या म्हणाल्या. "'मी पडले तर माझं मी बघेन. तुम्ही फक्त माझ्या आईला धरा. ती उडी मारणारच.'"

जावई तिकडे वाहून चाललेली वल्ही गोळा करत होता. विहीणबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माझ्या मुलाला माझ्यासाठी असं कुणाला सांगायचं सुचलं नसतं. पहिल्या दिवसापासून मला नुसता तुमचा हेवा वाटतोय, विहीणबाई."