नवेकोरे टायर

"रोडच्या टायरवर जाणार तुम्ही? या पाण्यात?"

मीनाचा आवाज चढला तशी आजूबाजूची दोन-चार डोकी वळली. मनोजनं हेल्मेटचा पट्टा आवळला.

"मग काय करू? भिकनपुढं हात पसरू?"

सिन्नरच्या बाजूला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात मोटरसायकलींची रेस होती. सकाळी डांबर कोरडं ठणठणीत होतं. जेवणं होईस्तोवर आभाळ भरून आलं आणि ऐन नोव्हेंबरात पाऊस ओतू लागला. पाऊस थांबेना आणि रेस भरवणारेही थांबायला तयार नव्हते.

मीनाच्या डोक्यात मात्र पावसापेक्षा मनोजचा दोस्त भिकन होता.

मनोजनं पुण्याहून खास रेसचे टायर आणले होते. खाच नाही, नक्षी नाही. हात फिरवला तर तव्यासारखे. आठवडाभर ते सातपूरच्या घरामागं भिंतीला टेकवून ठेवलेले. आज पहाटे चढवायला गेला, तर भिंत मोकळी. आणि इथं येऊन बघतात तर भिकनच्या गाडीला अगदी तसलीच जोडी.

"मेव्हण्यानं आणून दिली, वहिनी," भिकन म्हणाला होता. "शपथ घेऊ का?"

"घ्या ना. खोट्या शपथेला कुठं टोल लागतो? काल सकाळी चेन बघायच्या निमित्तानं आमच्या घरामागं कोण आलं होतं?"

भिकननं फडकं उचललं. मान खाली घालून गाडी पुसत राहिला. मीनाला आणखीच चीड आली. याच माणसानं तिच्या रुद्रच्या बारशाला पाळण्याचा लोखंडी सांगाडा स्वतः वेल्डिंग करून आणला होता. दर रविवारी घरचा असल्यासारखा ताटावर बसायचा. परक्यानं चोरलं असतं तर एवढं लागलं नसतं.

पहाटे घरात नुसता गोंधळ. मनोज ओरडत होता, "नवेकोरे टायर गेले!" सायखेड्याहून आलेल्या सासूबाई, चिमणाबाई, रुद्रला थोपटत बोटं मोडत होत्या. "नवेकोरे नेले मेल्यानं! हात झडो त्याचे!"

मीनानं शंभरदा सांगून पाहिलं होतं, आजच्या दिवस राहू द्या. पण मनोज हट्टाला पेटला. घरात दहा महिन्यांचं पोर आहे आणि बाप रागाच्या भरात ओल्या ट्रॅकवर निघालाय. याचं काही बरंवाईट झालं तर? तिनं मनातल्या मनात तेही भिकनच्याच माथी मारून टाकलं.

शिट्टी झाली. पाण्याचे फवारे उडवत गाड्या सुटल्या.

मीना छत्री विसरून दोरीपाशी उभी राहिली. वळण आलं की टाचा उंचावून बघायची. मध्येच मन घरी धावायचं. रुद्र उठला असेल का? निदान पाळण्याच्या वरचा छपराचा पत्रा आता वाऱ्यानं धडधडत नव्हता. "वर काहीतरी वजन ठेवा हो," म्हणून तिची जीभ झिजली होती, मनोजला वेळ नव्हता. शेवटी सासूबाईंनीच काल शेजारच्या कोंडाजींना हाक मारून बंदोबस्त करून घेतला. काल रात्री पोर कसं गाढ झोपलं होतं.

ट्रॅकवर भलतंच चाललं होतं. गुळगुळीत टायरवाले एकेक करून घसरत होते. मनोजची गाडी मात्र रस्ता धरून होती. त्याच्या टायरच्या खाचांतून पाणी बाजूला फेकलं जात होतं. बाकीचे पाण्यावर नुसते तरंगत होते.

शेवटच्या वळणावर भिकनची गाडी आडवी झाली. त्याचा पाय खाली चिरडत ती कठड्यापर्यंत फरफटत गेली.

"बरं झालं!" मीनाच्या तोंडून निघून गेलं.

मनोज पहिला आला. टाळ्या वाजवायला फारसं कुणी उरलं नव्हतं. सगळे कठड्याकडं धावले होते. तिथून भिकनची बायको पूजा चिखल तुडवत आली.

"वहिनी, तुमचा टेम्पो द्या. पाय पार गेलाय हो त्यांचा. नाशिकला न्यायला पाहिजे."

"आधी आमचे टायर उतरवू दे."

"रक्त थांबेना, वहिनी!"

"चोरीचा माल असाच अंगावर येतो. कबूल कर म्हणावं. आत्ता नेते."

भिकन दात आवळून पडला होता. त्यानं मीनाकडं बघितलं. "घेऊन जा, वहिनी," एवढंच म्हणाला.

तिनं ती कबुलीच धरली. "ऐकलंत?"

मनोज घुटमळला. "मीना, राहू दे आता. आधी याला—"

"उतरवा म्हणते ना!"

त्यानं पाना उचलला. चाकं निघाली, टायर निघाले. तेवढ्यात पूजानं कुणाचे तरी पाय धरून जीप मिळवली. भिकनला उचललं तेव्हा त्याचं कण्हणं थांबलेलं होतं. मान एका बाजूला लोंबत होती.

दिवेलागणीला टेम्पो दारात थांबला. मीनानं दोन्ही टायर ओढत आणले आणि ओट्यावर दाणकन टाकले. चिमणाबाई रुद्रला कडेवर घेऊन बाहेर आल्या.

"घावले का गं नवेकोरे टायर?"

"हे काय, तुमच्या समोर!"

म्हातारीनं वाकून टायरवरून हात फिरवला आणि तिला हसूच फुटलं.

"हे व्हय नवेकोरे? अगं, असलेच दोन झिजून गोटा झालेले मागं भितीला पडले हुते. कालच कोंडाजीला सांगून पाळण्यावरच्या पत्र्यावर ठिवले की!"