बोलायचं झाकण

“अजून आठ दिवस राहू द्या ना, सिस्टर,” आवडी म्हणाली. “कफ गेला नाय पुरता.”

माधवी सिस्टर हातमोजे चढवत होती. कफ कालच तपासलाय, ती म्हणाली. बाकीच्या बायका आपला माणूस कधी बोलतो म्हणून जीव टाकतात, हिचं आपलं उलटंच.

उल्हासनगरातल्या एका सरकारी इस्पितळातला हा वॉर्ड लांबलेल्या दुखण्यांचा. श्वासाच्या मशीनवर आलेली माणसं इथे महिनोन्महिने राहत. अकरा नंबरच्या खाटेवर हिरामणला सात महिने झाले होते. श्वास आता तो आपला आपण घेई, पण गळ्यातल्या नळीमुळे आवाज फुटत नव्हता. आज त्या नळीला बोलायचं झाकण लागायचं होतं. मग डॉक्टर शलाका चार प्रश्न विचारणार. उत्तरं बरोबर आली तर सोमवारी घर. डोकं ठिकाणावर नसलं तर दूर नगरकडच्या एका आश्रमात रवानगी. तिथे रोज जाणं आवडीला या जन्मात जमणार नव्हतं.

तिने फडकं भिजवलं, पिळलं आणि त्याचे पाय पुसायला घेतले.

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला तिची वाडी. पहाटे निघायचं, अंधार पडता परतायचं. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणसाला थांबू देत नसत. कंबर धरली होती. टमटममध्ये टेकली की डोळा लागे आणि उतरायचं ठिकाण मागे पडे.

सात महिन्यांपूर्वी खडीच्या रस्त्यावर एका माणसाला गाडीने उडवलं. कामावर गेलेला नवरा दोन दिवस घरी आला नव्हता. पोलिसांनी तिला इथे आणलं, तोंडभर बांधलेल्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं, हाच का म्हणून विचारलं. तिने मान हलवली आणि स्टुलावर बसली. ती बसलीच.

दीर चांगो पहिल्या आठवड्यात एकदा येऊन गेला. पुढे तो येतो म्हणाला की आवडीच नको म्हणे. एकालाच आत सोडतात, कामाला खाडा कशाला करतोस.

माधवी सिस्टर तिची फिरकी घ्यायची. एवढ्या दिवसांत नवऱ्याचं नाव एकदा तरी तोंडातून आलंय का गं? आवडी पदर तोंडाला लावी. आमच्यात घेत नाहीत, म्हणे.

बाकी बोलायची मात्र फार. पेशंटशी बोलत राहा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणून तिने सगळं सांगून टाकलं. विहिरीजवळचा आंबा, सासू बनूबाईचा खोकला, गोठ्याचं फुटकं कौल, लग्नाला सोळा वर्षं होऊनही न हललेला पाळणा. तो छताकडे बघत ऐकायचा. कधी कधी त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत. मग ती दुसरं काहीतरी काढी.

डॉक्टर शलाका आली. झाकण बसवलं.

आधी नुसती खरखर. मग खोकला. आवडीने खाटेची कड घट्ट धरली.

“नाव सांगा, काका.”



“हिरामण.”

“गाव?”

“टेपाची वाडी.”

“घरासमोर काय आहे?”

“इहीर. आंबा.”

डॉक्टरने आवडीकडे बोट केलं. “आणि ह्या कोण?”

त्याने सावकाश मान वळवली. तिच्याकडे बघत राहिला. आवडीने डोळे मिटून घेतले.

“आवडी. माजी बायको.”

शेजारच्या खाटेवरचे हरिचंद्र काका टाळ्या वाजवायला लागले. माधवी सिस्टर म्हणाली, आता तरी पेढे आण गं बाई. सोमवारचे कागद आजच करून टाकू, म्हणत डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळली. सिस्टर तिच्या मागोमाग गेली.

आवडी स्टुलावर टेकली. त्याने दोन बोटं हलवून तिला जवळ बोलावलं. ती वाकली.

“बाई,” तो हळू म्हणाला, “मी तुमचा नवरा न्हाई. खरं सांगितलं असतं तर उद्यापासून तुम्ही आला नसता.”

आवडीने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

“पहिल्या महिन्यात पट्ट्या सुटल्या तवापासून ठाऊक हाय मला,” ती म्हणाली. “आता बोलू नका. घसा दुखंल.”