ओट्याचं माप

स्वयंपाकघरात नवा लाकडी ओटा बसवायचा होता. पाय किती उंचीवर कापायचे, हे कळेना म्हणून सुतार करवत घेऊन खोळंबला होता. परदेशातून आलेल्या सुनेच्या खांद्यालाही सासू लागत नव्हती. ओटा बुटका झाला तर सुनेची कंबर जाणार, उंच झाला तर सासूचे हात भरून येणार.

"यांच्या मुलखात सगळेच असे ताडमाड का हो, आजी?" सुताराने सासूला विचारलं.

"थोडं रक्तातच असतं. पण तिथल्या पोरांना पिढ्यान् पिढ्या पोटभर मिळालं. आमची वाढीची वर्षं अर्धपोटी गेली," सासू म्हणाली. "माझ्या लेकाला कमी पडू दिलं नाही, तर तो बापापेक्षा वीतभर उंच झाला."

"आई, तुमच्याच मापाचा करू या," सून म्हणाली.

"नको गं, जन्मभर वाकत बसशील."

"अहो, कुणाचं तरी एकीचं सांगा!" सुतार वैतागला.

सासूने बाहेर पेपर वाचत बसलेल्या लेकाला आत बोलावलं आणि सुतारासमोर उभं केलं.

"याचं माप घ्या. एवढा खाऊ घालून वाढवला, तो काय नुसते वरचे डबे काढून द्यायला?"