काळ्यात राहिलेला धाकटा

आईच्या पंचाहत्तरीच्या पुस्तिकेसाठी थोरल्याने घरचा फोटो छापखान्यात दिला आणि न विचारता लग्न केलेल्या धाकट्याला त्यातून काढायला सांगितलं. छपाईसाठी फोटोचे निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे चार भाग होतात. रंगीत शाई वाचावी म्हणून ऑपरेटरने गडद तेवढं काळ्यावर सोपवलं. घाईत धाकट्याला तीनच रंगांतून पुसलं. थोरला आईला घेऊन प्रूफ बघायला आला. फोटोत तिच्या खांद्यावर हात ठेवून धाकटा राखाडी होऊन उभा होता. “हे भूत कुणी ठेवलं?” थोरला तडकला. “काळ्यात राहिलंय, साहेब.” “मग काळाच काढा!” ऑपरेटरने पडद्यावर काळा बंद केला. धाकटा गेला, सोबत बाबांच्या मिशा, थोरल्याच्या भुवया आणि सगळ्यांचे डोळेही गेले. आई चष्मा पुसून बघत राहिली. “काळा चालू करा,” ती म्हणाली, “आणि धाकट्याचे उरलेले रंगही भरा.”