खपलीवरचा तांबेरा

दुसऱ्या कुंडीतल्या गव्हावरचे तांबूस ठिपके पाहून सरूआत्यानं बोट मागं घेतलं. "खपली गव्हाला तांबेरा? माझ्या सासऱ्यांच्या काळापास्नं कुणी बघितला न्हाई. तुझ्या मातीतच खोट असंल, पोरी."

बियाणं आत्याचंच होतं. भाची वैजयंतीच्या प्रयोगशाळेत ते कसं वाढतंय, हे बघायला ती मुद्दाम कृष्णाकाठाहून आली होती. वैजयंतीनं तिला पहिल्या, निरोगी कुंडीतलं पान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पेशीच्या आत केसाहून बारीक दोऱ्या हिरव्या चमकत होत्या. तांबेऱ्याची बुरशी जिथून शिरू बघत होती, तिथं त्या साऱ्या गोळा झाल्या होत्या.

"आग लागल्यावर गाव धावतं तसं," आत्या हरखली. "मग ह्या दुसऱ्याचं गाव कुठं गेलं?"

मातीवर ढकलून सुटता आलं असतं, पण वैजयंतीच्यानं ते बोलवेना. "मीच औषध घालून त्याच्या दोऱ्या विरघळवल्या, आत्या. त्यांच्यामुळंच गहू वाचतो, हे सिद्ध करायचं होतं."

"झालं सिद्ध?"

"झालं."

आत्या रागावली नाही. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा तिनं त्या पानाला हात लावला. "मग आता दे की त्याच्या दोऱ्या त्याला परत."

औषध धुऊन काढलं असतं तर दोऱ्या पुन्हा जुळल्याही असत्या. पण बुरशी आत येऊन बसली होती, आणि तिला बाहेर कसं काढायचं, हे वैजयंती अजून शिकली नव्हती.