नमुना

"ही डबी परत घ्या," कटिंग मास्तर म्हणाले. "मी नमुनाबिमुना काही देणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी डबी खिडकीत ठेवली. "अहो, कॅन्टीनच्या कच्च्या पालेभाजीतून परजीवी पोटात गेलाय असं वाटतंय. शौच तपासलं की कळेल. उद्या भरपाई मागायची तर पुरावाही होईल."

"कुठून आलात?"

"सरकारी दवाखान्यातून."

"आणि खाली गाडी कुणाची?"

"कारखान्याची. आमची बंद पडलीय."

"मग झालं तर!"

मास्तरांची गालफडं बसली होती, पण संशय तसाच टवटवीत होता. शिलाईच्या कारखान्यातली निम्मी माणसं जुलाबांनी आडवी झाली होती आणि डॉक्टर मालकाच्या गाडीतून फिरत होती. पाणी कुठेतरी मुरत होतं.

"द्या की एकदाची," बायको म्हणाली. "असं काय सोनं दडवून ठेवलंय?"

"तू गप्प बस. डब्या बदलतील आणि म्हणतील, हा घरचं शिळं खाऊन पडला."

दोन दिवसांनी वकील आले. चपला दाराबाहेर काढून, पाणी मागून घेऊन बसले. कामगारांच्या केसेस लढतो, म्हणाले.

"मालकाची तुमची ओळख?" मास्तरांनी रोखून पाहिलं.

वकील हसले. "असा खोदून विचारणारा माणूस हवा. नमुना दिलात?"

"छे!"

"शाबास. देऊही नका. बाकीच्यांनाही सांगा. भरपाईच्या सुनावणीला मी हजर असेनच." त्यांनी पिशवीतून गोळ्या काढल्या. "या घ्या, बरं वाटेल."

बायकोनं पाकीट उलटसुलट पाहिलं. "न तपासताच औषध कसं कळलं हो?"

"वहिनी, असले रोगी बघून बघून अर्धा डॉक्टर झालोय."

गोळ्या लागू पडल्या. मास्तर हिंडू-फिरू लागले ते थेट कामगारांच्या घरोघरी. प्रत्येकाला गोळ्या पोचवल्या, प्रत्येकाला बजावलं. बटणं लावणाऱ्या मावशी तेवढ्या अंथरुणालाच खिळून राहिल्या; गोळी त्यांच्या पोटात ठरतच नव्हती. त्यांच्या मुलानंही मास्तरांच्या शब्दावर डबी परत पाठवली.

डॉक्टरीणबाई शेवटच्या आल्या तेव्हा उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "गोळ्या घेतल्यावर काही सापडत नाही हो. मावशींचा तरी नमुना मिळवून द्या."

"मालकाची फारच काळजी दिसतेय," म्हणत मास्तरांनी दार लावलं.

सुनावणीला ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसले. मागे सगळे कामगार. मावशींना मुलानं धरून आणलं होतं.

"कामगारांचे वकील कुठे आहेत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"येतायत, साहेब," मास्तर उठून म्हणाले. "शब्दाचा पक्का माणूस आहे."

दार उघडलं. मास्तरांनी सरकून शेजारी जागा केली.

वकील त्यांच्यासमोरून पलीकडे गेले, मालकाच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, यांच्यापैकी एकाच्या तरी पोटात परजीवी होता, याचा पुरावा दाखवा म्हणावं."