दादांची पाळी

“पाच बदाम,” वहिनी म्हणाल्या, आणि दाताच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

डॉक्टरांची चार इस्पिकची बोली बुडणार, हे टेबलाभोवती उभं असलेलं पोरही सांगू शकलं असतं. वहिनींनी फक्त गप्प बसायचं होतं. पण गप्प बसतील तर त्या वहिनी कसल्या! समोर बसलेल्या दादांनी नेहमीसारखं शांतपणे ‘पास’ म्हटलं. बोली वहिनींची, म्हणजे खेळणार वहिनी, आणि दादा डमी. डमीनं आपली पानं टेबलावर उघडी मांडायची आणि हाताची घडी घालून बघत बसायचं. वहिनींनी तेवढंही नवऱ्यावर सोडलं नाही. टेबलावर वाकून त्यांची पानं स्वतःच रंगवार लावून घेतली.

मागे उभ्या असलेल्या मास्तरांचं डोकं तडकलं. या क्लबात ब्रिज आणला तो दादांनी. मास्तरांना पत्ते हातात कसे धरायचे इथपासून शिकवलं तेही दादांनीच. तिसऱ्या हाताला दादांना चौघांची पानं पाठ झालेली असत. असा माणूस वर्षभर डमी होऊन बसला होता, कारण बायकोला म्हातारपणी खेळायची हौस आली होती.

वहिनींचे तीन हात कमी पडले.

“फार छान,” दादा हसून म्हणाले.

बायकोशी वाद नको म्हणून बिचारे असं म्हणतात, यावर अख्ख्या क्लबाचं एकमत होतं. डॉक्टरांच्या बायकोनं तर तोंडावर पदर धरल्यासारखं करून हसू दाबलं.

डाव संपल्यावर सेक्रेटरी घसा खाकरत आले. “वहिनी, कमिटीचं म्हणणं आहे, निदान अर्धे डाव दादांना खेळू द्यावेत. नाहीतर टेबल देणं अवघड होईल.”

“नका देऊ. घरून आणीन,” वहिनी म्हणाल्या. “घडीचं आहे.” आणि दादांचा दंड धरून त्या तरातरा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांच्या दारात हजर.

“मला शिकवा.”

मास्तरांना बरं वाटलं. निदान आपण वाईट खेळतो हे बाईंना कळलं तरी. “आधी तुमची बोली सुधारू,” ते म्हणाले.

“बोली माझी मी बघते. झेपत नाही तेवढं बोलून बसल्यावर ते खेळून कसं काढायचं, ते सांगा.”

“पण झेपत नाही तेवढं बोलायचंच कशाला? घेऊ द्या की समोरच्यांना बोली. मग डमी त्यांचा; तुम्ही आणि दादा, दोघंही खेळून पाडा त्यांना.”

“ते नाही जमायचं.”

“का नाही?”

“मास्तर, शिकवताय, की जाऊ दुसरीकडे?”

मास्तरांनी शिकवलं. शिकवण्याच्या बाबतीत ते लबाडी करू शकत नसत. पहिलं पान टाकायच्या आधी बुडणारे हात मोजा. हुकूम काढून टाकायची घाई नको, डमीकडचे बारके हुकूम आधी कामाला लावा. एक्का हातात आहे म्हणून लगेच फेकू नका, थोडी कळ सोसा. वहिनी झपाटल्यासारख्या शिकल्या. चुकल्या की स्वतःवरच करवादायच्या आणि तोच डाव पुन्हा मांडायला लावायच्या.

हळूहळू क्लबातल्या गुणांच्या फळ्यावर त्यांचं नाव तळातून वर सरकलं. बुडणार म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली बोली त्या ओढून काढू लागल्या. मास्तरांना आपल्या शिष्येचा अभिमान वाटायचा, आणि अभिमान वाटतो म्हणून आणखी राग यायचा. एवढं शिकली, पण माणुसकी काही शिकली नाही.

“आता तरी एक डाव द्या दादांना,” एका संध्याकाळी ते म्हणाले. आवाज चढलाच होता. “त्यांच्यासमोर बसून खेळायचं म्हणून मी वर्षभर वाट बघतोय. कधी देणार?”

“मी जिवंत आहे तोवर नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि पत्ते पिसायला घेतले.

त्याच क्षणी मास्तरांनी ठरवलं. पुढच्या शनिवारी खेळ रंगात असताना सेक्रेटरींनी वहिनींना ऑफिसातून हाक मारली. लेकीचा फोन आहे म्हणे, तातडीचा. वहिनी घुटमळल्या, दादांकडे बघितलं, आणि धावतच गेल्या. मास्तर त्यांच्या खुर्चीत बसले.

“दादा, आज तुम्ही आणि मी.”

“वा, वा! बसा, बसा,” दादा म्हणाले.

पानं वाटली गेली. मास्तरांच्या हातात बोली करण्याजोगी पानं होती, पण दादांना डमी व्हावं लागू नये म्हणून त्यांनी बोली गिळली. दादांच्या उजवीकडून डॉक्टरांनी तीन नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाची बोली केली. दादा पास, डॉक्टरीणबाई पास, मास्तर पास. आता समोरच्यांची बोली पाडायची होती, आणि पहिलं पान दादांनी टाकायचं होतं.

बातमी पसरली तशी बाकीच्या टेबलांवरची माणसं उठून भोवती आली. दादा हातातल्या पानांकडे बघत होते.

“मास्तर! उठा तिथून!” दारातून वहिनींचा आवाज आला. खोटा फोन त्यांना कळला होता. गर्दीतून वाट काढत त्या येत होत्या.

“एकच डाव, वहिनी,” मास्तर मागे न बघता म्हणाले. “क्लब त्यांचा आहे. आज तरी तुम्हाला ते अडवता येणार नाही.”

“मास्तर, पाया पडते तुमच्या. उठा.”

वहिनी कुणापुढे हात जोडतील असं क्लबात कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. पण मास्तर आता कुणाचं ऐकणार नव्हते.

“टाका, दादा,” ते म्हणाले. “तुमची पाळी आहे.”

दादांनी पानांवरून नजर उचलली. मास्तरांकडे बघून ते ओशाळं हसले, आणि नवख्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले, “माफ करा हं, मला हा खेळ येत नाही. तुम्ही शिकवाल का?”